पश्चिमेची भिंत

हेस्टर ब्रॅथवेटने दारावरचा कागद तीनदा वाचला. ‘विद्यार्थी पेगन मंडळ. पहिली बैठक. साडेचार ते साडेपाच. सर्वांचं स्वागत.’ ‘सर्वांचं’ या शब्दाखाली कुणीतरी जांभळ्या शाईने दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघांचाच तिला राग आला. ज्यांना खरंच कुणी यायला हवं असतं ते रेघा मारत बसत नाहीत, दार उघडं ठेवतात. दार बंद होतं.

बोलायची वेळ आली की हेस्टरच्या घशात कुणीतरी बोळा कोंबायचं. विद्यापीठात येऊन पाच आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत ती जे काही बोलली होती ते एका पानात मावलं असतं, तेही ठळक अक्षरांत. लिफ्टमध्ये बटणांपाशी कुणी उभं असलं तर ‘तिसरा दाबता का’ एवढंही तिच्याने म्हणवत नसे. मग इतरांबरोबर पाचव्या मजल्यावर उतरून ती दोन जिने खाली चालत यायची. आपल्याला बोलता येत नाही हे कबूल करण्यापेक्षा समोरचा माणूसच बोलण्याच्या लायकीचा नाही असं ठरवून टाकणं तिला सोपं जायचं. अर्ध्या मिनिटात ठरवायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आज मात्र मागे फिरायची सोय नव्हती. तिच्या पिशवीत कागदात गुंडाळलेला, मांस भरलेला एक सॉसेज रोल होता आणि तो ब्रोजचा होता.

ब्रोज म्हणजे अँब्रोज, तिचा थोरला भाऊ. मार्चमध्ये ओल्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला. त्यांचे वडील गावच्या चर्चची व्यवस्था बघायचे. घंटा, किल्ल्या, मेणबत्त्या, झाडलोट, सगळं. त्या घरात राहून ब्रोज पंधराव्या वर्षी पेगन झाला, ख्रिस्ताच्या आधीचे देव मानायला लागला, आणि बापलेकांचं जे फाटलं ते फाटलंच. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी, सॉविनला, तो परसातल्या पश्चिमेच्या भिंतीवर मेलेल्यांसाठी त्यांच्या आवडीच्या खाण्याची ताटली ठेवायचा आणि घराण्यातल्या मेलेल्यांना नावाने हाका मारायचा. सूर्य जिकडे जातो तिकडूनच मेलेली माणसं परत येतात, असं त्याचं म्हणणं. हेस्टर शेजारी नुसती उभी असायची. हाका मारायचं काम त्याचं, गारठायचं काम तिचं.

दोन वर्षांपूर्वीच्या सॉविनला त्याने तिला बजावलं होतं, “मी आधी गेलो तर मला या बाजूने बोलव. वेदीच्या बाजूने बोलावलंस तर यायचा नाही मी. आणि चारचौघांत मोठ्याने बोलव. एकटीच पुटपुटलीस तर मला वाटेल नेहमीसारखी स्वतःशी बडबडतेयस.”

तिने हो म्हटलं होतं. तेव्हा हो म्हणायला काय जात होतं? पुढे वडिलांनी त्याला पुरलं ते चर्चच्याच रीतीने, वेदीसमोर शवपेटी ठेवून, सगळ्या प्रार्थना म्हणून. त्या दिवसानंतर घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही.

आणि आता सॉविन आला होता. चारचौघं आणायची कुठून, हा प्रश्न होता. या मंडळाचे कागद विद्यार्थी संघाच्या कचेरीत महिनाभर लोळत पडले होते, त्यामुळे पहिली बैठक नेमकी आजच्या संध्याकाळवर येऊन पडली होती. पाच आठवड्यांत तिच्या बाजूने घडलेली ही एकमेव गोष्ट.

“दार उघडतेस, की मी डोक्याने उघडू?”

मागे एक जाडजूड मुलगी बिस्किटांचा मोठा डबा दोन्ही हातांत धरून उभी होती. हेस्टरने ना दार उघडलं, ना ती बाजूला झाली. तेव्हा त्या मुलीने कमरेने दाराला असा धक्का दिला की दाराबरोबर हेस्टरही आत गेली.

आत आठ-नऊ जण होते आणि सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले. तिला वाटलं, संपलं. पण मग तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या जिवात जीव आला. यांच्यापुढे लाजायचं म्हणजे लाजेचा अपमान होता.

मधोमध घडीचं टेबल आणि त्यावर हिरवी चादर. चादरीवर बॅटरीच्या मेणबत्त्या, कारण संघाच्या इमारतीत ज्योत पेटवायला बंदी. मंत्रविधीला सुरी लागते, पण सुरीलाही बंदी, म्हणून तिथे लाकडी उलथनं ठेवलेलं होतं. धुपाला बंदी, म्हणून हवेत मारायचा फवारा, वर लिहिलेलं ‘पाइनचं रान’. रानाला संडासाचा वास येत होता. टेबलाच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती की प्राण्यांपासून बनवलेलं काहीही या वेदीवर ठेवू नये. हेस्टरने पिशवी पोटाशी धरली.

मंडळाची अध्यक्ष फिलिपा डॉसन. तिसऱ्या वर्षाला होती, मानसशास्त्र घेतलं होतं, गळ्यात चांदीचे तीन चंद्र. पण फिलिपा हे आपलं बाहेरचं नाव, रिंगणात आपल्याला ‘सिल्व्हरमिस्ट’ म्हणायचं, असं तिने सांगितलं. ते नाव तिला स्वप्नात मिळालं होतं. हेस्टरला वाटलं, स्वप्नात नावं वाटणारा जो कुणी आहे तो सगळ्यांना चांदी आणि धुकंच कसं वाटतो? एखादीला कधी ‘बटाटा’ का मिळत नाही?

“आपण गोल बसू या. एकेकाने नाव सांगायचं, आणि मग आपला मार्ग,” फिलिपा म्हणाली. ‘मार्ग’ म्हणताना तिने डोळे मिटले.

पहिला उठला तो लेनर्ड. खांद्यावर झूल म्हणून पडदा घेतलेला. पडदाच होता तो, वर कड्या अडकवायची भोकं दिसत होती. त्याच्या हातात बैलाचं शिंग होतं. शिंगात दारू हवी, पण दारूला बंदी, म्हणून त्यात डब्यातलं कसलंतरी गोड फसफसतं पेय, ज्याने झोप उडते. आपण ओडिनचे, वायकिंगांच्या देवाचे आहोत, चेटकिणींशी आपला काही संबंध नाही, असं त्याने चेटकिणींनी भरलेल्या खोलीला ठणकावून सांगितलं. मग इथे कशाला आलास, असं फिलिपाने गोड आवाजात विचारलं. ओडिनच्या मंडळात तो एकटाच निघाला, असं तो म्हणाला आणि खाली बसला.

पुढे कुणाला पत्त्यांवरून भविष्य सांगता येत होतं, कुणाला झाडांशी बोलता येत होतं. एका मुलीला मांजराच्या मनातलं कळत होतं. हेस्टर मनातल्या मनात एकेकाला निकालात काढत होती आणि पाळी सरकत सरकत तिच्याकडे येत होती. वाक्य तिने रात्रीच तयार केलं होतं: मी हेस्टर, मला माझ्या भावाला बोलवायचंय. सहा शब्द. मांजराचं मन कळणारी मुलगी चाळीस शब्द बोलून खाली बसली.

“आणि तू?” फिलिपाने विचारलं.

“मी नुसतं बघायला आलेय,” हेस्टर म्हणाली.

दुकानात शिरून काही न घेता बाहेर पडताना बोलतात तसं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या, आणि तो समजूतदारपणा तिला थोबाडीत मारल्यासारखा लागला. शेजारी ती बिस्किटवाली बसली होती. तिचं नाव ब्रोना, आयर्लंडची. ब्रोनाने डबा तिच्यापुढे केला. “घे. भाजताना करपलीयत, पण बघायला आलेल्यांना तीच मिळतात.”

हेस्टरने एक घेतलं. करपलेलं होतं खरं.

मग फिलिपाने दिशा ठरवायला फोन काढला, त्यात होकायंत्र होतं. फोनला जांभळं टिकल्यांचं कव्हर, ते चुंबकाच्या बटणाने बंद होणारं. ते उघडून तिने फोन टेबलाच्या मधोमध धरला, गर्रकन फिरली आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, उत्तर. त्या हिशेबाने चार भिंतींवर चार कागद चिकटवले गेले. उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी. खिडकीकडे तोंड केलं की डाव्या हाताला फळा होता. तो पश्चिम झाला. आज मेलेल्यांसाठी पश्चिमेचं दार उघडायचं, एकेकाने आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, असं फिलिपाने सांगितलं. एकदा रिंगण बांधलं की ते सोडवल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही, आणि सांगितल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. “आणि साडेपाचला खोली सालसा नाचवाल्यांना द्यायचीय,” ती म्हणाली, “म्हणजे देवांनाही जरा आटपतं घ्यायला सांगू.”

हे तिने गंभीरपणे सांगितलं की विनोद म्हणून, ते हेस्टरला कळलं नाही. दोन्ही सारखंच वाईट.

फिलिपा उलथनं पुढे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालत रिंगण बांधायला लागली. उलथन्याच्या टोकाला कधीकाळच्या कांद्याचा डाग होता. सगळे उभे राहिले. हेस्टरला हसू येत होतं आणि हसू दाबायला बघायचं तरी कुठे, म्हणून तिने खिडकीबाहेर बघितलं.

बाहेर दोन आठवड्यांचं मळकट आभाळ होतं, सूर्याचा कुठे पत्ता नव्हता. रस्त्यापलीकडे एक जुनं चर्च आडवं पसरलेलं. उजव्या टोकाला घंटेचा मनोरा. डाव्या टोकाला उंच रंगीत काचेची मोठी खिडकी.

हेस्टरचं हसू गेलं.

सात वर्षांची असल्यापासून दर शनिवारी तिने वडिलांबरोबर चर्चमधले पितळेचे मेणबत्ती-स्टँड घासले होते. असल्या जुन्या चर्चमध्ये मोठी खिडकी जिथे असते तिथे वेदी असते, आणि वेदी पूर्वेला असते. मनोरा पश्चिमेला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, घरातला जिना अंधारात कुठे आहे हे कुणी शिकवतं का? म्हणजे डावी बाजू पूर्व. म्हणजे हे शहाणे फळ्याला पश्चिम म्हणतायत आणि मेलेल्यांना सरळ वेदीच्या बाजूने बोलावणार आहेत.

झाडांशी बोलणारी, मांजराच्या मनात शिरणारी, स्वप्नात नावं मिळवणारी नऊ माणसं, आणि सूर्य कुठे मावळतो याचा एकालाही पत्ता नव्हता. इतकी निव्वळ अक्कलशून्यता एका खोलीत जमलेली तिने पाहिली नव्हती. एकीकडे तिला आनंदही झाला. यांच्याबद्दल आपण जे ठरवलं ते तंतोतंत खरं निघालं. आता हसू येऊ द्यावं, मान खाली घालावी आणि साडेपाचला खोलीवर जावं.

पण पिशवीत सॉसेज रोल होता.

वेदीच्या बाजूने बोलावलंस तर यायचा नाही मी.

लेनर्डने शिंग उंचावून पृथ्वीला बोलावलं, दक्षिणेकडे तोंड करून. मांजरवालीने वाऱ्याला बोलावलं, पश्चिमेकडे तोंड करून. अग्नी कुणी तरी बोलावला. मग फिलिपा फळ्यासमोर गेली, दोन्ही हात पसरले, आणि फळ्यावर खडूने अर्धवट पुसलेल्या कुठल्याशा आकडेमोडीला म्हणाली, “हे पश्चिमे, पाण्याच्या आणि गेलेल्यांच्या दिशे—”

“ती पश्चिम नाही.”

आवाज कुणाचा, हे हेस्टरला पहिल्यांदा कळलंच नाही. सगळे तिच्याकडे वळले तेव्हा कळलं. बोळा घशात होता तिथेच होता. त्याच्या कडेकडेने शब्द बाहेर पडला होता.

फिलिपाचे हात तसेच पसरलेले. “रिंगणात आपण मध्ये बोलत नाही,” ती हळूच म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

“ती पूर्व आहे. पश्चिम तिकडे, दाराकडे. ते चर्च बघ. मोठी खिडकी डावीकडे आहे.”

“चर्च?” लेनर्ड म्हणाला. “पेगन मंडळात चर्चवरून दिशा?” कुणीतरी फिसकन हसलं. मांजरवालीने विचारलं, तू नक्की बघायला आलीयेस की आमच्यासाठी प्रार्थना करायला? आणखी दोघं हसले.

हेस्टरचे कान तापले. एरवी इथेच ती मेली असती. पण हसत कोण होतं? पडदा पांघरलेला माणूस. तिच्यातला तुच्छतेचा सगळा साठा, जो ती आठवडेच्या आठवडे फुकट घालवत आली होती, तो आज पहिल्यांदा कामाला आला.

“माझे वडील चर्चची झाडलोट करतात,” ती म्हणाली. “मी त्यांच्यासोबत बारा वर्षं केलीय. ते चर्च बांधणाऱ्यांनी उन्हाकडे बघून बांधलंय. तुम्ही फोनकडे बघितलंत. त्या फोनच्या कव्हरला चुंबक आहे, त्याने होकायंत्र फसतं.”

मग पृथ्वी, वारा, अग्नी आणि पाणी यांच्या नऊ भक्तांनी एकामागून एक खिशातून फोन काढले. नऊ चेहरे निळसर उजळले. लेनर्डने शिंग काखेत धरून आपला फोन तीनदा गोल फिरवला आणि शेवटी दाराकडे बघत म्हणाला, “च्यायला. खरंय.”

“असू दे,” फिलिपा म्हणाली. तिची मान लाल झाली होती. “दिशा आपल्या आत असतात. भाव महत्त्वाचा. पाऊण तास होत आलाय, सगळं सोडवून पुन्हा बांधायला वेळ नाही. चालेल असंच.”

“नाही चालणार,” हेस्टर म्हणाली.

“का पण?”

आता ते सहा शब्द तिला आठवेनात. “तो तिकडून यायचा नाही,” ती म्हणाली. “त्याने सांगितलंय मला तसं.”

“तो कोण?”

“भाऊ.”

मघाच्या माना पुन्हा समजूतदारपणे हलतील आणि मग आपण एकेकाला चावू, असं तिला वाटलं. माना हलल्या नाहीत. ब्रोना उठली, बिस्किटांचा डबा बगलेत मारला आणि पाण्याचा कागद फळ्यावरून टरकन काढून दाराकडे निघाली. “काट्यांच्या उलट दिशेने जा,” फिलिपा तिच्यावर खेकसली. “सोडवताना उलट जायचं असतं. इतकं तरी नीट करा.” आणि स्वतः उलथनं घेऊन उलटी चालायला लागली, इतकी भराभर की गळ्यातले तीन चंद्र एकमेकांवर आपटत होते. पृथ्वीला निरोप दिला गेला. वाऱ्याची माफी मागितली गेली. अग्नीला सांगितलं गेलं की चूक आमची, मनात ठेवू नकोस. लेनर्ड पडद्यात अडखळला आणि शिंगातलं गोड पेय दक्षिणेवर, आताच्या खऱ्या दक्षिणेवर, सांडलं. नऊ बावळट माणसं घाईघाईने जग उलटं करत होती. असलं ओंगळ दृश्य हेस्टरने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिचे डोळे का भरून येतायत ते तिला समजेना.

पाच वाजून वीस मिनिटांनी सगळे दाराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं होतं, त्याखाली ‘पाणी’ असा कागद. हेस्टरने पिशवीतून रोल काढला. चेपला होता, कागदावर चरबी उतरली होती. टेबलावरच्या चिठ्ठीकडे फिलिपाने बघितलं, रोलकडे बघितलं. मग चिठ्ठी उपटून खिशात घातली. हेस्टरने रोल टेबलावर ठेवला.

नावं सुरू झाली. ब्रोनाने आजी, दोन काका, एक चुलतमावशी आणि शेजारचा एक म्हातारा यांची नावं हजेरी घेतल्यासारखी एका दमात घेतली. लेनर्डचं अजून कुणी मेलेलं नव्हतं, म्हणून त्याने लढाईत पडलेल्या सगळ्या वीरांना सरसकट बोलावलं. फिलिपाने स्वतःच्याच मागच्या जन्माचं नाव घेतलं. यांच्यात बोलावणार का मी ब्रोजला, हेस्टरला वाटलं. या आगीच्या नळकांड्यासमोर, या लोकांच्या घोळक्यात? चारचौघं म्हणून हीच मिळाली मला?

आणि मग तिला ब्रोजचा चेहरा दिसला. हे उलथनं, तो पडदा, शिंगातलं ते पेय. हे बघायला ब्रोज कुठूनही आला असता. पोट धरून हसला असता आणि मग पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला असता.

“अँब्रोज ब्रॅथवेट,” ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिलाही जेमतेम.

“मोठ्याने,” फिलिपा म्हणाली. डोळे न मिटता, सिल्व्हरमिस्ट वगैरे सगळं विसरून. “लांबून यायचंय ना त्याला.”

“अँब्रोज ब्रॅथवेट.”

दार उघडलं. सालसावाले पाच मिनिटं आधीच आले होते. हातात चकचकीत बूट, चेहऱ्यावर काय बघतोय ते न कळल्याचे भाव. उघड्या दारात ते, म्हणजे पश्चिमेच्या बरोब्बर मधोमध, आणि हेस्टर थेट त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. तासाभरापूर्वी अशा नजरेखाली ती जमिनीत गेली असती. सर्वांत पुढे एक उंच मुलगा होता. केसांना भरपूर तेलकट काहीतरी चोपडलेलं, शर्टाची तीन बटणं उघडी. अर्ध्या मिनिटाचीही गरज पडली नाही.

“बाजूला हो जरा,” ती त्याला म्हणाली. “वाट अडवतोयस.”

तो झाला बाजूला. हेस्टरने छाती भरून श्वास घेतला आणि त्या मोकळ्या दारातून, मागच्या जिन्यापर्यंत जाईल अशा आवाजात, तिसऱ्यांदा भावाला हाक मारली.